सुहासिनी काकूंची स्वाहिली

स्वाहिली दुभाष्यासाठी फोन लावला की आधी सॅक्सोफोन ऐकावा लागतो. मग एक बाई प्रेमळ आवाजात सांगते की तुमचा फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. मग परत सॅक्सोफोन. त्या सोमवारी मी तो चाळीस मिनिटं ऐकला आणि तान्हं बाळ मांडीवर घेतलेली एक बाई तेवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्वाहिली येत नव्हती, आणि सॅक्सोफोन दोघींनाही नको होता.

मी रुचा, मानसोपचाराची डॉक्टर. एम.बी.बी.एस. नागपूरला केलं, पुढचं सगळं इथे. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला एका छोट्या क्लिनिकमध्ये काम करते. एका बाजूला नखं रंगवायचं दुकान, दुसऱ्या बाजूला हलाल मटणाचं. माझे निम्मे पेशंट आफ्रिकेतून आलेले निर्वासित. काँगो, सुदान, एरिट्रिया. घर जळताना बघितलेली, दहा-पंधरा वर्षं ताडपत्रीखाली काढलेली माणसं. त्यांना द्यायला माझ्याकडे वीस मिनिटं असतात आणि उदासी मोजायचा नऊ प्रश्नांचा एक कागद. पंधरा मिनिटं दुभाष्याची वाट बघण्यात गेली तर उरलेल्या पाचांत काय करायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी चिडून मी महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘कुणाला स्वाहिली येते का?’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अकरा उत्तरं आली. दोन हसरे चेहरे, एक गुलाबाच्या फुलासकट शुभरात्री, एकीने विचारलं की तिचा मोदकांचा साचा कुणाकडे राहिलाय. बारावं उत्तर होतं, ‘मी उद्या येते. किती वाजता? - सुहासिनी.’

सुहासिनी काकूंना मंडळात सगळे ओळखतात आणि सगळे थोडे टाळतात. वय चौऱ्याहत्तर. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला पंचेचाळीस वर्षं. नवरा कुमार काका, रिटायर्ड भूलतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी लोकांना भूल दिली आणि घरी मात्र काकूंचं बोलणं पूर्ण शुद्धीत ऐकलं. काकू समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ देत नाहीत. तुम्ही ‘गुडघा’ म्हणालात की त्या डॉक्टरचं नाव, तेलाचं नाव आणि तुमचं काय चुकतंय ते सांगून मोकळ्या.

पण त्यांची एक गोष्ट कुणी कधी नीट विचारलीच नव्हती. त्या जन्मल्या केनियात, किसुमूला. वडील साताऱ्याहून तिकडे शाळामास्तर म्हणून गेले होते. विसाव्या वर्षापर्यंत काकू तिथे वाढल्या. मग तिथली भारतीय घरं एकेक करून उठली, तशी यांचीही उठली. लग्न झालं, टेक्सास आलं. मंडळात सगळे पुण्या-मुंबईच्या शाळांच्या आठवणी काढायचे तेव्हा काकू आपलं किसुमू पुढे करायच्या, आणि कुणीतरी ‘सिंह होते का हो अंगणात?’ म्हणून हसायचं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या त्या गावाची कुणाला तरी गरज पडली होती. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी वेगळं काही केलं असतं असं नाही. माझे दिवसाचे चौदा पेशंट होते.

क्लिनिक साडेआठला उघडतं. काकू पावणेआठला दारात उभ्या होत्या. पायात पांढरे बूट, हातात स्टीलचा डबा. कुमार काका गाडीत.

“काकू, आधी हा फॉर्म साइन करा. पेशंटचं काहीही बाहेर सांगायचं नाही.”

“अगं, सांगणार कुणाला? माझं ऐकून घ्यायला आहे कोण?” असं म्हणून त्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीला पंधरा मिनिटं किसुमूबद्दल सांगितलं.

आमच्या मॅनेजरने कुरकुर केली. दुभाष्या प्रशिक्षित हवा, असा नियम आहे. मीच म्हटलं, “टेम्पररी आहे. फोन लागेपर्यंत.” ते माझे शब्द होते, मी नाकारत नाही.

बाळवाल्या बाईला मी परत बोलावलं होतं. तिचं नाव झवादी. वय एकतीस. पूर्व काँगोतली. गाव सोडून पळाली, चौदा वर्षं टांझानियातल्या छावणीत राहिली, दहा महिन्यांपूर्वी इथे आली. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची, बाळंत झाल्यावर ते सुटलं. नवरा नाइट शिफ्टला ट्रक भरतो. बाळ तीन महिन्यांचं. तिला आमच्याकडे पाठवलं होतं कारण तिचं डोकं तापायचं, छाती धडधडायची, आणि बी.पी. एकशे चौसष्टवर एकशे दोन होतं. एकतिसाव्या वर्षी. अशा बायकांमध्ये मन आणि रक्तदाब हातात हात घालून बिघडतात. एकाकडे दुर्लक्ष केलं की दुसराही हाती लागत नाही.

काकू आत आल्या, खुर्ची ओढली, झवादीला काहीतरी खणखणीत म्हणाल्या. झवादी ताठ बसली. म्हणाली, “न्दियो, मामा.”

“म्हणजे ‘हो, बाई’,” काकूंनी मला सांगितलं. “बघ, लगेच कळलं तिला. पन्नास वर्षं झाली, पण जिभेवर आहे अजून.”

मी पहिला प्रश्न वाचला, की गेल्या दोन आठवड्यांत झोप लागायला त्रास होतो का, मध्येच जाग येते का, की उलट फार झोप येते? काकू दोन शब्द बोलल्या. झवादी म्हणाली, “न्दियो, मामा.”

“झोपते म्हणाली. नीट.”

असे नऊ प्रश्न चार मिनिटांत झाले. माझं वाक्य हातभर, काकूंचं बोटभर. हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे सोळा मिनिटं उरली होती. मी औषधं समजावून सांगितली. बी.पी.ची एक गोळी, मनाची एक गोळी, दोन्ही दूध पाजताना चालणाऱ्या. काकूंनी आज्ञा दिल्यासारखं ते पोचवलं. मग डबा उघडला. आत अळिवाचे लाडू होते, बाळंतिणीसाठी मुद्दाम केलेले. काकूंनी एक तिच्या हातात ठेवला आणि एकच शब्द उच्चारला. ‘खा’ असणार. झवादीने तिथेच बसून, आमच्याकडे न बघता, तो अख्खा लाडू खाल्ला.

“न्दियो, मामा,” ती परत म्हणाली, कुणी काही विचारलं नसताना.

तीन महिन्यांत झवादी चार वेळा आली. चारही वेळा काकू. चारही वेळा कागदावर जवळजवळ सगळी शून्यं, म्हणजे त्रास काही नाही. झोप लागते. भूक लागते. गोळ्या घेते. शेवटच्या, नवव्या प्रश्नालाही शून्य. जगण्यापेक्षा मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला काही करावंसं वाटतं का, हा तो प्रश्न. आणि बी.पी. मात्र जिथल्या तिथे. मी डोस वाढवला. तरी तेच. मी परत वाढवला. औषधाच्या दुकानातून निरोप येई की पेशंट गोळ्या वेळेवर नेते. मग गोळ्या जात होत्या कुठे? हा प्रश्न एखाद्या शाळकरी मुलीलाही पडला असता. मला पडला नाही. मी तिच्या किडनीच्या तपासण्या लिहून दिल्या.

पाचव्या वेळी काकू नव्हत्या. दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला मुलाकडे गेल्या होत्या, नातीच्या डान्ससाठी. तिथूनही दोन मेसेज. ‘मला व्हिडिओवर घे.’ ‘फोनवाल्यांच्या नादी लागू नकोस, ते नुसते पाट्या टाकतात.’ त्या दिवशी कसा कोण जाणे, सॅक्सोफोन तीनच मिनिटांत थांबला. मिनेसोटातून एक पुरुष बोलत होता. मऊ आवाज. त्याने आधी तिची ख्यालीखुशाली विचारली, बाळाची विचारली, मग माझा प्रश्न सांगितला. सगळा, हातभर.

झवादीने दाराकडे बघितलं आणि हळूच काहीतरी विचारलं.

“डॉक्टर,” तो म्हणाला, “ती विचारतेय, त्या मालकीणबाई आज येणार आहेत का?”

“कोण मालकीणबाई?”

“जिच्या हाताखाली तुम्ही काम करता, ती.”

मी नाही म्हटलं. मग झवादी अकरा मिनिटं बोलली. घड्याळ समोरच होतं. तीन महिने ज्या बाईचा मी एकच शब्द ऐकला होता, ती अकरा मिनिटं थांबली नाही. मध्ये एकदा बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, तेवढंच.

ती झोपत नव्हती. बाळंत झाल्यापासून रात्रभर भिंतीला टेकून बसत होती. डोक्यात विचार फार होतात, ते किड्यांसारखे चालतात. आई आणि धाकटा भाऊ अजून छावणीत आहेत. आईला बी.पी. आहे. भावाला आवाज ऐकू येतात. तिथल्या दवाखान्यात आठ महिने झाले, त्याच्या गोळ्या आलेल्या नाहीत. गोळ्या असताना तो सायकली दुरुस्त करायचा. आता तो लोकांच्या अंगावर धावतो म्हणून शेजाऱ्यांनी त्याला खांबाला बांधून ठेवलंय. आई त्याला भरवते.

आणि मग तिने पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मी लिहून दिलेली एकूण एक गोळी त्यात होती. बी.पी.च्या गोळ्या आईसाठी. डोक्याच्या गोळ्या भावासाठी, कारण मी डोक्याची डॉक्टर. चर्चमधलं कुणीतरी तिकडे जाणार होतं, त्यांच्या हाती द्यायच्या. मी डोस वाढवला तेव्हा तिला वाटलं, डॉक्टरीणबाईंना कळलंय आणि मुकाट्याने मदत करतायत.

भावाचा आजार वेगळा, त्याचं औषध वेगळं. या गोळ्या त्याला पोचल्या असत्या तर तो आणखी भडकण्याची भीती होती. आणि ही स्वतः गोळीविना. मी दुभाष्याला म्हटलं, नववा प्रश्न विचारा. शब्दन् शब्द.

त्याने विचारला. झवादीने बाळाचे कान झाकले नाहीत, ती रडलीही नाही. म्हणाली, हो. रोज. बाळ दूध प्यायला लागलं की वाटतं, हे दुसऱ्या कुणाला तरी दिलं तर बरं, मग मी मोकळी. आणि कधी कधी या पुडीकडे बघत बसते.

मी तिला त्या दिवशी घरी एकटी जाऊ दिली नाही. नवऱ्याला बोलावून घेतलं, पुडी माझ्याकडे ठेवली. गोळ्या दर आठवड्याला सातच, आणि त्याही नवऱ्याच्या ताब्यात, असं ठरवलं. हे बोलल्याबद्दल सरकारी माणसं बाळ काढून घेतील, अशी भीती तिला होती. तसं काही होणार नाही, हे तीनदा सांगितलं. शेवटी तिच्या फाइलमधले जुने चार कागद काढले. प्रत्येकावर नवव्या प्रश्नापुढे शून्य आणि खाली माझी सही. मला राग येत होता. काकूंवर, त्या सॅक्सोफोनवर, आणि सगळ्यात जास्त त्या सहीवर.

काकू परत आल्या त्या शनिवारी मी शुगर लँडला गेले. बाहेर गाडीच्या बॉनेटवर पापड भाजून निघेल असं ऊन. आत काकू ओट्यापाशी अळीव भिजवत होत्या.

“काकू, नववा प्रश्न तुम्ही तिला काय विचारत होता?”

“कुठला गं?”

“मरावंसं वाटतं का, हा.”

काकूंनी हात पुसले. “असलं अभद्र कसं विचारायचं? मांडीवर तान्हं बाळ! वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. मी म्हटलं, ‘सगळं ठीक आहे ना? वाईट विचार करायचा नाही.’ ती हो म्हणाली.”

“आणि ते तुम्ही मला शून्य म्हणून सांगितलं.”

“ठीक आहे म्हणाली, तर शून्यच की!”

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, वडीलधाऱ्या माणसाशी तसं बोलू नये. गोळ्यांचं सांगितलं. रात्रभर भिंतीला टेकून बसते ते सांगितलं. “तिला वाटत होतं तुम्ही मालकीण आहात! तुमच्यासमोर ती ‘नाही’ म्हणूच शकत नव्हती!”

“मला शिकवू नकोस,” काकूही कडाडल्या. “मी जन्मले आहे तिथे. मला स्वाहिली येते!”

“कुणाशी बोलायचात तुम्ही ती?”

त्यांनी लगेच तोंड उघडलं, नेहमीसारखं. कुमार काकांनी बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. काकूंनी गॅस बंद केला, जो पेटवलेलाच नव्हता, आणि खुर्चीवर बसल्या.

“शाळेत इंग्लिश,” त्या म्हणाल्या. “घरात मराठी. दुकानात गुजराती. स्वाहिली... आमच्याकडे अकिन्यी होती कामाला. तिच्याशी. बस, ऊठ, पाणी आण, बाळाला घे, उद्या लवकर ये. एवढंच लागायचं गं. मला ती पाठीवर बांधून भाजीला न्यायची.”

मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

“मी अकरा-बारा वर्षांची असेन. तिचं मूल गेलं. तापाने. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर. आईने विचारलं, ‘ठीक आहेस ना?’ ती म्हणाली, ‘न्दियो, मामा.’ आई आम्हाला म्हणाली, बघा, कशी खंबीर बाई आहे. त्यानंतर महिनाभर ती येत होती. मग एक दिवस आलीच नाही. आईने चार दिवस वाट बघितली आणि दुसरी ठेवली.” काकूंनी भिजवलेल्या अळिवाचं भांडं उगाच सरळ केलं. “कुठे गेली, कुणी विचारलं नाही. मीही नाही. रुचा, तुझी ती झवादी अगदी तशीच म्हणायची गं. अगदी तशीच. आणि मला वाटायचं, काय छान जमतंय माझं.”

त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि माझा राग तरीही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मी काकूंचं क्लिनिकमधलं दुभाष्याचं काम बंद केलं. मॅनेजरला सगळं लेखी कळवलं, माझी चूकसुद्धा. आता मी सॅक्सोफोन ऐकते. झवादीच्या भावासाठी छावणीत काम करणाऱ्या संस्थेला लिहिलं. त्यांनी फॉर्म पाठवला, मग दुसरा फॉर्म, मग पहिला फॉर्म जुना होता म्हणून नवा. पाच आठवड्यांनी तिथल्या एका नर्सची तीन ओळींची ईमेल आली, की एक महिन्याच्या गोळ्या मिळाल्या आहेत, दोर सोडला आहे, पुढच्या महिन्याचं माहीत नाही. झवादीने ती ईमेल दुभाष्याकडून दोनदा वाचून घेतली. तिचं स्वतःचं बी.पी. हळूहळू उतरायला लागलं. नवव्या प्रश्नाचं उत्तर ‘रोज’वरून ‘कधी कधी’वर आलं. मला तेवढं पुरतं का? नाही. पण शून्यापेक्षा ते खरं होतं.

काकूंनी दुभाष्यांच्या कोर्सला नाव घातलं, आणि त्याआधी स्वाहिलीच्या पहिल्या वर्गात. शिकवणारी टांझानियाची, सव्वीस वर्षांची. तिने यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्हाला नुसते हुकूम येतात, प्रश्न येत नाहीत. रोज संध्याकाळी काकू मला फोन करून तिच्या तक्रारी सांगतात. “काल माझा पेपर तिने लाल केला गं. मला, जिचे वडील मास्तर!” मी फोन स्पीकरवर टाकून भांडी घासते.

दोन महिन्यांपूर्वी झवादीच्या भेटीच्या दिवशी त्या क्लिनिकमध्ये आल्या. मी दारातच अडवलं.

“आत येत नाहीये मी,” काकू म्हणाल्या. “मला तिला एकच वाक्य सांगायचंय. लिहून आणलंय. बाईंनी तपासून दिलंय.”

मी फोनवरच्या दुभाष्याकरवी झवादीला विचारलं. तिने विचार केला, मान हलवली. काकूंनी चष्मा लावला आणि बाहेरच्या बाकासमोर उभं राहून कागदावरून वाचलं, अडखळत, शाळेतल्या मुलीसारखं. दुभाष्याने मला अर्थ सांगितला, ‘मी तुला विचारलं नाही, मी तुला सांगत राहिले. ते चुकलं. मला माफ करावंस असं मी म्हणत नाही.’

बाळ आता आठ महिन्यांचं झालं होतं, झोपेला आलं होतं आणि किरकिरत होतं. माझी वीस मिनिटं चालू झाली होती. मी घड्याळाकडे बघितलं. झवादीने आतल्या खोलीकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, मग काकूंकडे. तिने खांद्यावरचं रंगीत कापड सोडलं.

“वाक,” ती काकूंना म्हणाली.

एवढे शब्द मलाही कळत होते. काकू तीन महिने तिला असेच हुकूम देत होत्या.

काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांवर वाकल्या. झवादीने बाळ त्यांच्या पाठीवर ठेवलं, कापड ओढून घेतलं, छातीवर गाठ मारली, ती हलवून बघितली, परत सोडली आणि घट्ट केली. “हलू नकोस. आता ऊठ. हळू.” काकू उठल्या. बाळाने त्यांच्या मानेवर गाल टेकला.

“बस इथे,” झवादी बाकाकडे बोट दाखवून म्हणाली. “बाहेर जायचं नाही. खायला काही द्यायचं नाही.”

काकूंच्या हातात लाडवांचा डबा होता. शुगर लँडमध्ये आजवर कुणाचंही वाक्य पुरं होऊ न दिलेल्या काकूंनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं, डबा माझ्या हातात दिला आणि बाकाच्या अगदी कडेवर, पाठ टेकू न देता बसल्या.

“न्दियो, मामा,” त्या म्हणाल्या.